लंडनचा मेल्टडाउन महोत्सव नेमका काय असतो? शास्त्रीय ऐकणाऱ्याने जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जूनमध्ये मुलाकडे लंडनला जाताय, त्याच सुमारास थेम्सकाठच्या साऊथबँक सेंटर या कलासंकुलात मेल्टडाउन नावाचा संगीत महोत्सव असतो असं कळलं. घरात सगळे शास्त्रीय ऐकणारे, इंग्रजी गाणी कानावर फारशी नाहीत. मग तिकिटाचे पैसे पाण्यात जातील का? आणि हे 'तिकडचं सवाई' म्हणायचं का?

सवाई म्हणता येणार नाही. सवाईला निघताना रात्र कशी जाणार याचा आपल्याला साधारण अंदाज असतो. मेल्टडाउनचं घर दरवर्षी तेच, पण कारभारी दरवर्षी नवा. १९९३ पासूनची ही रीत आहे. एका कलाकाराला मान द्यायचा आणि विचारायचं, तुला कोणाला ऐकायचंय? त्याने यादी द्यायची, साऊथबँकच्या माणसांनी ती जमेल तेवढी जमवायची. त्यामुळे 'मेल्टडाउन कसं असतं' याला उत्तरच नाही, 'यंदा मान कोणाचा' हे आधी बघावं लागतं. २००३ साली जमैकाचे रेगेवाले ली 'स्क्रॅच' पेरी होते, २००९ ला जॅझमधले ऑर्नेट कोलमन, २०१३ ला ऐंशी वर्षांच्या योको ओनो, २०१७ ला श्रीलंकन तमिळ आईबापांची लंडनकर रॅपर एम.आय.ए. या चौघांना एका जेवणाच्या टेबलावर बसवलं तर कोण कोणाशी काय बोलेल, मला तरी सुचत नाही.

गंमत म्हणजे सुरुवात तुमच्या-आमच्या 'शास्त्रीय'कडूनच झाली, अर्थात त्यांच्या शास्त्रीयकडून. पहिली दोन वर्षं जॉर्ज बेंजामिन आणि लुई आंद्रिसेन हे नव्या धाटणीचं लिहिणारे संगीतकार मानकरी होते. १९९५ ला एल्विस कॉस्टेलो हा रॉक गायक मानकरी म्हणून आला आणि दार सताड उघडलं. त्याच वर्षी त्याने जेफ बकली नावाच्या तरुण रॉक गायकाला बोलावलं. लोक त्याची गाजलेली गाणी ऐकायला आलेले, आणि हा पठ्ठ्या सतराव्या शतकातल्या हेन्री पर्सेलच्या ऑपेरातला डायडोचा विलाप गायला, जो एरवी तालमीत घासलेल्या गायिका गातात. दोन वर्षांनी तो नदीत बुडून गेला, तीस वर्षांचा होता. त्या विलापाचं रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं. जायच्या आधी एवढं एक ऐका, बाकी तयारीची गरज नाही.

मानकरी स्वतः गायलाच पाहिजे असंही नाही. १९९८ चा जॉन पील तर रेडिओवर गाणी लावणारा माणूस. २००० साली स्कॉट वॉकर हा गायक होता, लोक आशेवर होते, पण तो रंगमंचावर गायला काही आला नाही. उलट २००२ ला रॉक गायक डेव्हिड बोवीने एकाच रात्री आपले दोन अख्खे अल्बम वाजवले, एक १९७७ चा आणि एक त्याच महिन्यात बाजारात आलेला. २००५ ला रॉक गायिका पॅटी स्मिथने तीस वर्षांपूर्वीचा आपला पहिला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत म्हटला. २००४ ला गायक मॉरिसीने न्यूयॉर्क डॉल्स हा कधीचा फुटलेला रॉक बँड पुन्हा एकत्र आणला. त्यांचा बेस वाजवणारा आर्थर केन त्यानंतर महिनाभरात वारला. असं काहीतरी इथे होतं, आणि ते आधी छापील कार्यक्रमात कुठे लिहिलेलं नसतं.

माझा सगळ्यात आवडता किस्सा १९९९ चा. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण ऐकून ऐकून होतो असं वाटायला लागलंय. त्या वर्षीचा मानकरी रॉक गायक निक केव्ह. त्याने नीना सिमोन या अमेरिकन गायिकेला बोलावलं, पियानो वाजवत गाणाऱ्या. बाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, तब्येत ढासळलेली, चालणंही जड. पियानोपाशी आल्या, तोंडातलं च्युइंग गम काढलं आणि सरळ पियानोला चिकटवून दिलं. मग गायल्या, आणि गाता गाता पुन्हा पूर्वीच्या नीना सिमोन झाल्या म्हणतात. कार्यक्रम संपल्यावर केव्हच्या बँडमधला व्हायोलिनवाला वॉरेन एलिस रंगमंचावर चढला. ज्या टॉवेलने त्यांनी घाम पुसला होता त्यातच ते गम गुंडाळून त्याने घरी नेलं आणि वीस वर्षं जपून ठेवलं. पुढे त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते गम कोपनहेगनच्या एका प्रदर्शनात काचेत ठेवलं गेलं. बालगंधर्वांच्या शालूची गोष्ट सांगणारे आपण, आपल्याला यात वेडेपणा दिसायचं कारण नाही.

आता जागेबद्दल, कारण तुमच्या तिकिटाचे निम्मे पैसे माझ्या मते तिथेच वसूल होतात. आधी एक घोळ मिटवतो. लताबाई १९७४ साली लंडनला गायल्या तो रॉयल अल्बर्ट हॉल. तो गोल घुमटाचा, केन्सिंग्टनला. मेल्टडाउन होतो तो रॉयल फेस्टिव्हल हॉल, थेम्सच्या दक्षिण काठावर, वॉटरलू स्टेशनजवळ. आमच्या ओळखीतलं एक जोडपं खरंच चुकीच्या हॉलवर जाऊन उभं राहिलं होतं. तुम्हाला धागाच हवा असेल तर १९७१ मध्ये रविशंकरांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर आपला सतारीचा काँचेर्टो पहिल्यांदा वाजवला तो याच फेस्टिव्हल हॉलमध्ये.

हा हॉल १९५१ चा. युद्धात भाजलेल्या लंडनने 'जरा हसा आता' म्हणून भरवलेल्या प्रदर्शनासाठी बांधलेला. जागा मिळाली ती रेल्वेच्या पुलाला खेटून. बाजूने चेरिंग क्रॉसच्या गाड्यांचा खडखडाट, जमिनीखाली ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे. म्हणून वास्तुविशारदांनी नाट्यगृहच उचलून खांबांवर ठेवलं आणि त्याच्या भोवतीने नि खालून फॉयर (बाहेरची प्रशस्त ओसरी), जिने, बार गुंडाळले. खोक्यात ठेवलेल्या अंड्यासारखं. त्यामुळे आत गाडी ऐकू येत नाही. पण आवाज जरा कोरडा झाला, वाद्यवृंदाची आस म्हणावी तशी रेंगाळेना. मग साठच्या दशकात छतात माइक आणि स्पीकर लपवून आवाजाची घुमणूक लांबवण्याचा उद्योग केला गेला. २००५ ते २००७ मध्ये हॉल बंद ठेवून त्यावर नीट काम झालं. त्या कामापायी २००६ ला मेल्टडाउन झालाच नाही. माइकवरच्या संगीताला मात्र कोरडा हॉल मानवतो, शब्द अन् शब्द कळतो.

फॉयरमध्ये जायला तिकीट लागत नाही. १९८३ पासून ते दिवसभर सगळ्यांना उघडं आहे. महोत्सवाच्या दिवसांत तिथे आणि बाहेरच्या गच्च्यांवर फुकट कार्यक्रमही असतात. मी पहिल्यांदा गेलो ते २०१८ ला, द क्युअर या रॉक बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ मानकरी होता. एका खांबाला टेकून दोन आजोबा बुद्धिबळ खेळत होते. त्यांच्या शेजारून स्मिथचे पन्नाशीतले चाहते चालले होते, त्याच्यासारखेच नखशिखांत काळ्या कपड्यांत, केस पिंजारलेले, ओठांवर लिपस्टिक मुद्दाम फासलेली. एका बाबाने तशाच अवतारात लेकीच्या बुटाची नाडी बांधली आणि तिच्या कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन चढवले. आजोबांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

तर तिकीट कशाचं काढायचं? इथे माझं मत जरा उफराटं आहे. मानकऱ्याच्या स्वतःच्या कार्यक्रमामागे लागू नका. ती तिकिटं आधी सदस्यांना मिळतात आणि उरलेली क्षणात जातात. मिळालं तरी आजूबाजूचे सगळे प्रत्येक ओळ पाठ असलेले, आपण लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखे. मी चार वेळा गेलो. दोनदा मोठं नाव बघून फेस्टिव्हल हॉलचं तिकीट काढलं, तिथे सुमारे सत्तावीसशे खुर्च्या आहेत, आणि दोन्ही वेळा बाल्कनीतून कोणाच्यातरी वर केलेल्या हातांकडे बघत बसलो. एकदा ठीकठाक. चौथ्या वेळी मात्र पर्सेल रूमचं काढलं. जेमतेम तीनशे जणांची खोली, गायिकेचं नाव मला धड उच्चारताही येत नव्हतं. ती, एक हार्मोनियमसारखी पेटी आणि समोर आम्ही. तिने एक सूर धरला आणि इतका वेळ धरला की पुढच्या रांगेतल्या माणसाने पाय हलवायचा थांबवला. भाषा कोणती होती ते मी घरी येऊन शोधलं. खर्जात उतरताना ती डोळे मिटायची नाही, थेट आमच्याकडे बघायची, ते अजून आठवतं.

म्हणून शास्त्रीय कानाच्या माणसाला मी सांगेन, पर्सेल रूम किंवा क्वीन एलिझाबेथ हॉल, म्हणजे साधारण नऊशे खुर्च्यांचा, या दोन ठिकाणी काय आहे ते आधी बघा. दोन्ही फेस्टिव्हल हॉलला लागूनच आहेत, तळाशी पोरं स्केटबोर्ड आपटत असतात ती इमारत. मानकऱ्याने ज्याला हट्टाने बोलावलेलं असतं, जो त्याच्या आवडीचा आहे पण खपाचा नाही, तो बहुतेक इथेच असतो. ज्याचं नाव ऐकलेलं नाही त्याचं तिकीट घ्या. आवडलं नाही तर मध्यंतरात उठून गच्चीवर जा, नदी आहेच.

एक सावधगिरी. रॉकचा कार्यक्रम घेतलात तर खिशात कापसाचे बोळे राहू द्या, मी चेष्टा करत नाही. खुर्च्या नंबरच्या असल्या तरी तिसऱ्या-चौथ्या गाण्याला पुढचे उभे राहतात आणि मग सगळ्यांनाच उभं राहावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर बाल्कनीची पहिली रांग किंवा बाजूचे बॉक्स बघा. ते बॉक्स भिंतीतून ओढून अर्धवट उघडे टाकलेल्या खणांसारखे दिसतात, पण बसायला बरे.

जाताना वॉटरलूवरून जा, ते जवळ पडतं. येताना मात्र रेल्वेपुलाला जोडलेल्या पादचारी पुलावरून पलीकडे एम्बँकमेंटला उतरा. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, कार्यक्रम सुटेतो नुकता अंधार झालेला असेल. बाजूने गाडी गेली की पूल पायाखाली थरथरतो, आणि मागे वळून पाहिलंत तर काचेआडचं फॉयर माणसांनी भरलेलं दिसतं.