१७ नंबर पिन चालेना आणि कुळागराला पाणी मिळेना

प्रश्न: नमस्कार. वाळपईजवळ आमचं कुळागर (सुपारीची बाग) आहे, पोफळीला पाणी सोडायचा पंप रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवरून रिलेने (सिग्नलवर चालणाऱ्या स्विचने) चालू-बंद करतो. जुनी स्क्रिप्ट मस्त चालायची, आता ओएस नवीन टाकली तर सिसएफएसच्या (फाइलींमधून पिना हाताळायची लिनक्सची सोय) एक्स्पोर्ट फाइलमध्ये १७ लिहिलं की 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. रूट होऊनही तेच. बोर्ड गेला का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर: बोर्ड ठणठणीत आहे हो, नवीन घ्यायला धावू नका. कर्नल (ओएसचा गाभा) ६.६ पासून पाय ४ वर सिसएफएसमधली जीपीआयओची, म्हणजे बाहेरच्या वस्तू जोडायच्या पिनांची, मोजणी शून्याऐवजी ५१२ पासून सुरू होते, म्हणून तुमचा १७ झाला ५२९. तेवढा आकडा बदला, पंप चालेल. पण ही मलमपट्टी झाली, कारण हा आकडा पुढेही तोच राहील अशी हमी कर्नलवाले देत नाहीत आणि सिसएफएसची वाट त्यांनी कर्नल ४.८ च्या वेळेलाच, म्हणजे २०१६ मध्ये, मोडीत काढायला घेतलीय.

त्यापेक्षा लिबजीपीआयओडी ही पिना हाताळायची लायब्ररी शिका. तिथे जीपीआयओचिप० ची लाइन (म्हणजे पिन) १७ म्हणजे १७च.

फक्त एक गोम आहे आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. लायब्ररीच्या जुन्या १.x मधली जीपीआयओसेट कमांड व्हॅल्यू लावते आणि लगेच बाहेर पडते, आणि लाइन सोडली की पुढे पिन कुठल्या स्थितीत राहील ते ड्रायव्हरवर, कधी टिकते कधी नाही. एलईडीला ठीक, पंपाला अजिबात नाही. १.x मध्ये कमांडला 'मोड सिग्नल' हा पर्याय द्या, म्हणजे ती थांबून राहते, २.x मध्ये ती आपणहूनच थांबते. माझं मत विचाराल तर पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून लाइन धरून ठेवा नि तो सिस्टमडीला (लिनक्समध्ये प्रोग्राम चालू ठेवणारी यंत्रणा) सांभाळायला द्या, मेला तर तोच परत उठवेल.

आता रिले. बाजारात मिळणारी निळी मॉड्यूल्स बहुतेक ॲक्टिव्ह-लो, शून्य दिलं की चिकटणारी, आणि तुमच्याकडे लाइट जाते-येते, मग दर बूटला प्रोग्राम उठेपर्यंत पंप उगाच धडपडायला नको, म्हणून बूटच्या कॉन्फिग फाइलमध्येच १७ आउटपुट आणि हाय करून टाका. पायची पिन ३.३ व्होल्टची, तिला ५ व्होल्ट दाखवायचेच नाहीत. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलचा वेगळा पुरवठा) जंपर असेल तर काढा, जेडी-व्हीसीसीला ५ द्या, व्हीसीसीला ३.३. आणि मोटर थेट त्या रिलेवर नको, मध्ये कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट झेलणारा मोठा स्विच) घाला, ते काम वायरमनकडूनच करून घ्या.