आपल्याकडे फुलांचं काय पितात?

प्रिय सई,

तुझा रविवारचा निरोप मी दोनदा ऐकला. तिकडे इंग्लंडमध्ये मैत्रिणीच्या आजीने एल्डरफ्लॉवरचं, म्हणजे एल्डर नावाच्या झाडाच्या पांढऱ्या फुलांचं, फसफसणारं पेय पाजलं, बाटली उघडताना सगळ्यांना जरा मागे सरायला सांगितलं, आणि मग सहज विचारलं, "तुमच्या घरी फुलांचं काय करतात प्यायला?" तुला काहीच सांगता आलं नाही आणि ते तुला लागलं. "बाबा, आपल्यात असं काही आहे का? आणि नसेल तर कोकमाचं करता येईल का?" असं तू विचारलंस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, करता येईल, आणि कसं ते पुढे लिहितो. पहिल्याला मात्र थोडं मागे जावं लागेल.

आपल्या घरात फूल प्यायचं म्हणजे आधी माठ. चैत्र लागला की तुझी आजी माठ घासून, दोन दिवस पाण्याने भरून ठेवायची, आणि तिसऱ्या दिवशी त्यात वाळ्याची जुडी सोडायची. वाळा म्हणजे एका गवताची मुळं, दोऱ्याने बांधलेली. संध्याकाळी परसातल्या मोगऱ्याच्या चार-पाच कळ्या ती ओंजळीत आणायची आणि माठातल्या पाण्यावर अलगद सोडायची. रात्रीत कळ्या पाण्यावरच उमलायच्या. सकाळी आजी त्या काढून टाकायची आणि आम्ही ते पाणी प्यायचो. साखर नाही, रंग नाही, फूल पोटातही जात नाही. फक्त वास. पाहुणा उन्हातून आला की पडवीत बसवून त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि हे पाणी ठेवायचं, मग चहाचं विचारायचं. मैत्रिणीच्या आजीला आधी हेच सांग. त्यांना ते लगेच कळेल, कारण फुलाचा वास पाण्यात कसा उतरवायचा हे त्याही आयुष्यभर करत आल्या आहेत.

गुलाबाचं गुलकंद तुला माहीत आहेच, दुधात कालवून तू प्यायली आहेस. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं असतं, तेही तू इथे आपल्या स्वयंपाकघरात दरवर्षी पाहिलंस. त्यामुळे त्यावर लिहीत नाही. मला लिहायचंय ते रातांब्यांबद्दल.

कोकणात कोकमाच्या फळाला रातांबा म्हणतात. फळं एप्रिल-मेमध्ये पिकतात, आणि नेमकी तेव्हाच पावसाची धास्ती सुरू होते. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या खळ्यात सकाळी सहालाच रातांब्यांचा ढीग पडलेला असायचा. आजी विळीवर एकेक फळ अर्धं करायची, आतल्या बिया आणि गर एका पातेल्यात, सालं दुसऱ्यात. बोटं मनगटापर्यंत लालभडक व्हायची आणि तो रंग दोन-तीन दिवस जायचा नाही. बियांचं पुढे कोकमतेल व्हायचं, थंडीत टाचांना लावायला. सालींचे दोन वाटे पडायचे. एक वाटा सुकवायचा: सालं उन्हात घालायची, पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा उन्हात. अशी रसाची पुटं देत देत साल काळसर, मऊ आणि चिवट झाली की ते आमसूल. दुसरा वाटा साखरेत जायचा. चिनीमातीच्या बरणीत एक थर सालींचा, एक थर साखरेचा, साखर सालींच्या दुप्पट. वर दादरा, म्हणजे फडकं, बांधून बरणी उन्हात. रोज संध्याकाळी ती आत यायची आणि रोज सकाळी आजी स्वच्छ, कोरड्या लाकडी डावाने ढवळायची. आठवड्याभरात साखर विरघळून दाट लाल पाक सुटायचा. ते अमृत कोकम. तेच पाण्यात घालून, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड टाकून आपण कोकम सरबत पितो.

आता तुझ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे, म्हणून नीट वाच. एका वर्षी रातांबे खूप निघाले आणि साखर पुरली नाही. आजीने आहे तेवढ्या साखरेत भागवलं. चौथ्या दिवशी मी बरणीला कान लावला तर आतून बारीक चुरचुर आवाज येत होता. दादरा सोडला तर वर गुलाबी फेस. मी बोट बुडवून चाटलं आणि जिभेला टोचलं, गोड, आंबट आणि टोचरं, असं काही मी त्याआधी चाखलंच नव्हतं. मला ते फार आवडलं. आजीने बरणी हातातून काढून घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "आंबलं रे हे. बिघडलं." सगळं केळीच्या बुंध्याशी ओतलं गेलं.

मैत्रिणीच्या आजीने तुला बाटलीत घालून दिलं, ते नेमकं हेच. आपल्या घरात ज्याला बिघडलं म्हणतात, त्याला त्यांच्या घरात तयार झालं म्हणतात. फळांच्या सालीवर, फुलांच्या परागावर यीस्ट असतं, डोळ्यांना न दिसणारं. त्याला साखर आणि पाणी मिळालं की ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडा अल्कोहोल तयार करतं. साखर अतोनात घातली की त्यातलं काहीच त्याला वापरता येत नाही, म्हणून अमृत कोकम वर्षभर टिकतं. साखर कमी पडली की ते जागं होतं. आजीला सूक्ष्मजीवांचं कुणी काही शिकवलं नव्हतं, पण बरणी कधी कुठे वळते ते तिला वासावरून कळायचं. तिचं सगळं कसब बरणी वळू न देण्यात होतं. इंग्लंडच्या आजीचं कसब ती हवी तेवढीच वळू देण्यात आहे.

आणि आपल्याकडचं ऊन पाहा. मे महिन्यात दुपारी पस्तीस अंशांच्या वर पारा असताना असं पेय एका दिवसात धावत सुटतं, दोन दिवसांत आंबट ढाण होतं. म्हणून शिंदीच्या झाडाची नीरा पहाटे, उजाडायच्या आत उतरवतात, मडक्याला आतून चुना लावतात आणि ती गार असतानाच पितात. ऊन चढलं की तिची ताडी होते.

फुलापासून आंबवलेलं पेय महाराष्ट्रात नाही असं मात्र कुणाला सांगू नकोस. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची गुबगुबीत, फिकट पिवळी फुलं पहाटे आपोआप गळतात आणि गोंड, माडिया घरांतली माणसं टोपल्या घेऊन ती जमिनीवरून वेचतात. त्यात साखर इतकी असते की वाळली की मनुकांसारखी लागतात. ती भाजून खातात, भाकरीत घालतात, आणि आंबवून त्यांची दारूही काढतात. ती त्यांच्या देवाला, लग्नाला, मर्तिकाला लागते. आमच्या घरात तिचं नाव काढत नसत, म्हणून मलाही ते फार उशिरा कळलं. पण "मराठी माणसं फुलांचं काय पितात" याचं उत्तर मोहाशिवाय अपुरं आहे.

आमच्या लहानपणी बुडबुडे मिळायचे ते गोटी सोड्यात. जाड काचेची बाटली, मानेत अडकलेली गोटी, आतल्या वायूच्या दाबाने ती तोंडाच्या रबरी कडीला घट्ट बसलेली. अंगठ्याने दाबली की फट्ट आवाज आणि गोटी खाली. ही बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली. आणि सोडावॉटरची गोष्ट तर तू राहतेस त्याच शहरातली आहे. १७६७ साली जोसेफ प्रिस्टली लीड्समध्ये बीअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपावर तो जड वायू थर धरून असतो हे त्याने पाहिलं, त्या थरात पाणी धरलं, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत राहिला, आणि पाण्याला तीच टोचरी चव आली. म्हणजे सोड्यातला बुडबुडासुद्धा मुळात आंबवण्यातूनच आला.

आता कृती. जूनचा मध्य आहे, एल्डर फुलला असेल. मला वाटतं तू कोकम आणि त्यांचं फूल एकत्र कर. त्या आजी लिंबू घालतात तिथे आपलं आमसूल.

आधी आल्याचं विरजण लाव. फुलावरच्या यीस्टवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कधी उठतं, कधी नाही. काचेच्या बरणीत दोन कप पाणी, एक चमचा किसलेलं आलं, सालीसकट, आणि एक चमचा साखर. वर फडकं. रोज तेवढंच आलं आणि तेवढीच साखर घाल आणि ढवळ. चार-पाच दिवसांत ढवळल्यावर फेस येईल. बुरशी धरली किंवा वास कुजका आला तर ओतून दे आणि नव्याने लाव, वाचवायचा प्रयत्न करू नकोस.

मग एक लिटर पाण्यात १८० ग्रॅम साखर उकळ, आच बंद कर आणि वीस-पंचवीस आमसुलं टाकून झाकून ठेव. गार होता होता पाणी गडद लाल होईल. गाळून त्यात आणखी एक लिटर गार पाणी घाल. दह्याला विरजण लावताना दूध कसं करंगळीला जेमतेम कोमट लागतं, तसं ते झालं की सात-आठ एल्डरचे गुच्छ त्यात. गुच्छ कोरड्या, उन्हाच्या सकाळी खुडायचे, झटकून किडे काढायचे, धुवायचे नाहीत, आणि हिरवे देठ जितके कापता येतील तितके कापायचे. फक्त फूल घ्यायचं. पानं, देठ, कच्ची फळं पोटाला बाधतात. पहिल्यांदा त्या आजींनाच बरोबर घेऊन जा. पांढऱ्या छत्रीसारखी फुलं येणाऱ्या वनस्पतींत जीवघेणं विषारी हेमलॉकही असतं. एल्डर हे लाकडी खोडाचं झाड आहे, हे लक्षात ठेव.

एक दिवसाने गाळ, अर्धा कप आल्याचं विरजण गाळून मिसळ आणि बाटल्यांत भर, वर चार बोटं जागा सोडून.

बाटल्या प्लास्टिकच्याच घे. हे मी आग्रहाने सांगतोय. तू दोन वर्षांची असताना मी असंच कोकमाचं करून साध्या काचेच्या बाटलीत भरलं आणि कपाटात ठेवून विसरलो. पाचव्या रात्री ती फुटली. काच दारापर्यंत गेली होती आणि भिंतीवर लाल शिंतोडे. सकाळी तू तिथेच रांगत खेळायचीस. त्या रात्री मी गुडघ्यांवर बसून, विजेरी आडवी धरून फरशीची फट न् फट पुसली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं पुन्हा केलं नाही. प्लास्टिकची बाटली दाबून पाहता येते. दोन-तीन दिवसांत ती चेंडूसारखी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये. गारठ्यात यीस्ट मंदावतं आणि वायू पाण्यात जास्त मुरून राहतो, म्हणून उघडायची ती पूर्ण गार झाल्यावर, सिंकवर धरून, झाकण हळूहळू फिरवत. आठवड्याभरात संपव.

यात थोडा अल्कोहोल असतो. तुझ्या मैत्रिणींपैकी जिला चालत नाही तिला पेला हातात द्यायच्या आधी सांग, लहान मुलांना देऊ नकोस.

आमसुलं उद्या टपालात टाकतो. दोन पुड्या आहेत. लाल दोरा बांधलेली बिनमिठाची आहे, तीच यात घाल, मीठ लावलेल्या आमसुलांत यीस्ट नीट उठत नाही. दुसरी तुझ्या आमटीसाठी. आणि त्या आजींसाठी एक बाटली वेगळी भर, पण त्यांच्यापुढे ठेवताना एक कोरडं आमसूलही ठेव. त्यांना ते आधी हातात घेऊन हुंगू दे.

तुझा,
बाबा