झमूळ आला, आली की आलं? कल्पित प्राण्याचं लिंग आणि सामान्यरूप

प्रश्न बडोद्याच्या एका लेखिकेचा आहे. त्या मुलांसाठी एका कल्पित जगाची कादंबरी लिहीत आहेत. त्या जगातल्या पाणथळीत ‘झमूळ’ नावाचा सहा पायांचा सरपटणारा प्राणी राहतो आणि जवळच्या गावाचं नाव ‘ओरथा’ आहे. पहिल्या प्रकरणात त्यांनी ‘झमूळ आला’ लिहिलं, चौथ्यात नकळत ‘झमूळ आली’ झालं. घरी विचारलं तर वाद मगरीवर गेला: कोणी ‘तो मगर’ म्हणे, कोणी ‘ती मगर’. गावाचंही तसंच. ‘ओरथ्यात’, ‘ओरथेत’ की ‘ओरथामध्ये’?

आधी मगरीचा वाद मिटवू. आजच्या मराठीत ती मगर, अनेकवचन मगरी, सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं होणारं रूप) मगरी-: मगरीने, मगरीचे अश्रू. गुजरातीत मात्र मगर पुल्लिंगी आहे. पावसाळ्यात विश्वामित्री नदीतून एखादी मगर वस्तीत शिरली की गुजराती बातमीत ‘मगर देखायो’ असतं आणि बडोद्यातल्या मराठी कानाला हळूहळू तेच बरोबर वाटू लागतं. घड्याळाचीही हीच गत. गुजरातीत ते बहुधा स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. इंदूर-ग्वाल्हेरकडे शेजारच्या हिंदीत नपुंसकलिंगच नाही, त्यामुळे तिकडे ते गळून पडण्याची धास्ती असते. बडोद्याचा धोका वेगळा आहे. गुजरातीतही तिन्ही लिंगं असल्यामुळे नपुंसकलिंग सुटत नाही, पण शब्द एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकतो. मराठीत लिहिताना लिंगाची खात्री मराठी कोशातच करावी.

आता झमूळ. नर-मादी कोणतीही असो, बऱ्याच प्राण्यांच्या जातीला मराठीने एकच लिंग देऊन टाकलं आहे. घार, खार, पाल, घोरपड स्त्रीलिंगी. साप, उंदीर, बेडूक पुल्लिंगी. अस्वल, कासव, घुबड, तरस नपुंसकलिंगी. यामागे पक्का नियम नाही. पण नवा शब्द ऐकला की आपला कान शब्दाच्या शेवटाकडे बघून त्याला नातेवाईक शोधतो. ‘झमूळ’ला कोण सापडतात? वटवाघूळ, गांडूळ, वारूळ. तिन्ही नपुंसकलिंगी, आणि त्यातले दोन तर प्राणीच. (तांदूळ पुल्लिंगी आहे, पण तो ताटातला, पाणथळीतल्या प्राण्याशी कोणी त्याची सोयरीक जुळवणार नाही.) म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ते झमूळ, झमूळ आलं.

प्राणी अवाढव्य आणि दरारा असलेला हवा असेल तर शेवट बदलावा लागेल. सुरा-सुरी, गाडा-गाडी, विळा-विळी, डबा-डबी या जोड्या पाहा: ‘आ’ने थोरपण येतं, ‘ई’ने धाकटेपण. ‘झमुळा’ म्हटलं की प्राणी आपोआप मोठा होतो, ‘झमुळी’ म्हटलं की तळहातावर मावतो. एकाच जगात मोठ्या नदीतला झमुळा आणि ओढ्यातली झमुळी अशा दोन जाती ठेवल्या तर वाचकाला आकार वेगळा सांगावा लागत नाही.

लिंगापेक्षा मला सामान्यरूपाची काळजी जास्त वाटते. कल्पित शब्द प्रथमेत सगळेच चांगले दिसतात. त्यांची परीक्षा ‘ला, ने, चा, त’ लागताना होते. मराठी शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ई-ऊचं असलं की प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होतं किंवा त्या जागी चक्क ‘अ’ येतो. वारूळ-वारुळात, हरीण-हरिणाला हा पहिला प्रकार. लाकूड-लाकडाला, कापूस-कापसाचा, माणूस-माणसाने हा दुसरा. काही शब्दांत दोन्ही चालतात: परटाला आणि परिटाला. मग ‘झमुळाला’ की ‘झमळाला’? पहिलं अक्षर ऱ्हस्व असल्यामुळे नियमाला दोन्ही मान्य आहेत, तरी ‘झमुळाला’च ठेवा. ‘लाकडाला’ वाचताना मूळ शब्द लाकूड हे आपल्याला ठाऊक असतं. ‘झमळाला’ वाचणाऱ्या मुलाला मूळ शब्द झमळ की झमूळ हे कळायला मार्गच नाही. अनोळखी शब्दाने प्रत्यय लागतानाही चेहरा शक्य तितका कायम ठेवावा. तेव्हा एकवचनी झमुळाने, झमुळाचा. अनेकवचनी झमुळे (बोलीत झमुळं), झमुळांना. आणि ‘झमूळाला’ असा दीर्घ ऊ ठेवू नका, मुद्रितं तपासताना ही चूक हमखास सुटते.

याच कारणाने ‘सा’ने संपणारी नावं टाळा. ससा-सशाला, मासा-माशाला, आरसा-आरशात, तसं ‘किरसा’ नावाच्या प्राण्याचं ‘किरशाने’ होणार. पहिल्या पानावर किरसा आणि तिसऱ्यावर किरशाने दिसलं की लहान वाचकाला ते दोन प्राणी वाटतात. उकारान्त नावंही दगा देतात. विंचू-विंचवाला, पण चाकू-चाकूला. सगळ्यात निर्धोक म्हणजे साधी अकारान्त पुल्लिंगी किंवा नपुंसकलिंगी नावं: वाघ-वाघाला, कासव-कासवाला.

प्राण्याच्या नावावर थांबू नका. मराठी माणूस जनावराबद्दल बोलतो तेव्हा नुसतं नाव घेत नाही. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं शिंगरू. सगळी उकारान्त नपुंसकलिंगी, आणि रूपंही एकाच वळणाची: वासराला, रेडकाला, करडाला. त्याच वळणावर झमुळाच्या पिल्लाला ‘झमरू’ म्हणा. झमराला, झमरे ही रूपं वाचक स्वतःच करील. आवाजासाठी धातू दुहेरी करा. गुरगुरणे, फुरफुरणे तसं ‘थुमथुमणे’. आणि फडफडाट, किलबिलाट तसा ‘थुमथुमाट’. रात्री पाणथळीत थुमथुमाट चालला होता, एवढं लिहिलं की जग उभं राहतं.

उच्चाराचं एक सांगायला हवं. च, ज, झ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत आणि छापील देवनागरीत ते वेगळे दिसत नाहीत: ‘चार आणे’मधला च आणि ‘चारा’मधला च. पुढे ई, ए किंवा य आला तर तालव्य, म्हणजे ‘चार आणे’मधल्यासारखा, उच्चार ठरलेला. पुढे अ, आ, उ, ओ असेल तर वाचक शब्द ओळखून ठरवतो, आणि कल्पित शब्द तर त्याला ओळखीचाच नाही. गुजराती माध्यमात शिकणारं मूल झमूळमधला झ गुजराती वळणाने तालव्यच वाचील. सुरुवातीच्या शब्दसूचीत ‘झाडातला झ’ एवढे दोन शब्द घातले की काम झालं.

गावाचं उत्तर बडोद्यातच आहे. बडोदा-बडोद्यात हे घरचं, पुल्लिंगी आकारान्त रूप. अमेरिका-अमेरिकेत हे स्त्रीलिंगी. कॅनडा-कॅनडात हे परकं नाव जसंच्या तसं ठेवून. वडोदरा या नावाचं ‘वडोदऱ्यात’ आणि ‘वडोदरामध्ये’ दोन्ही वाचायला मिळतं, पण ‘बडोद्यात’ला जो घरगुतीपणा आहे तो ‘वडोदरामध्ये’त नाही. कादंबरीत याचा उपयोग करून घ्या. गावची माणसं ‘ओरथ्यात’ म्हणतील, परमुलखातून आलेला व्यापारी ‘ओरथामध्ये’ म्हणेल. कोण कुठला ते सांगण्याची गरज उरत नाही. निवेदनात मात्र ‘ओरथ्यात’ एकच ठेवा.

एवढं सगळं डोक्यात राहत नाही, म्हणून तक्ता करावा. सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, बडोद्यातून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला. त्यात एका इंग्रजी शब्दापुढे वेगवेगळ्या भाषांतले प्रतिशब्द ओळीने मांडले आहेत. तुमच्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे सहा रकाने पुरतात: लिंग, अनेकवचन, सामान्यरूप एकवचनी, सामान्यरूप अनेकवचनी, पिल्लू, आवाज. एकही रकाना अडला तर नाव बदला, आणि ते पहिलं प्रकरण लिहिण्याआधीच.

शेवटी चालीरीती. आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणतात. दिवा विझवत नाहीत, मालवतात. नारळ वाढवतात, आणि निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतात. भीती आणि आदर शब्दाच्या निवडीत असा दिसतो. ओरथ्याच्या लोकांनाही रात्री झमुळाचं नाव वर्ज्य असू द्या. ‘लांबडं’सारखंच एक नपुंसकलिंगी विशेषण घ्या, समजा ‘ओलं’. पूजेसाठी वाघोबा-नागोबाच्या चालीवर ‘झमोबा’ करा. तो पुल्लिंगी आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनी. म्हणजे दिवसा तळ्यावर झमूळ आलं, रात्री दाराशी ओलं आलं, जत्रेत झमोबा आले. आणि ज्या रात्री एखादं पोर अंगणातून ‘आई, झमूळ आलं!’ असं ओरडेल, तेव्हा घरातले सगळे का दचकले हे वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.