भाची नेमकी कशाची डॉक्टर होणार?

प्रश्न : ताई, माझी भाची अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीत पीएचडी करतेय. कशात विचारलं तर म्हणते सोशॉलॉजीत, पण गाईड इकॉनॉमिक्सचे आणि शेजारच्या टेबलवर सायकॉलॉजीवाले. हे काय कडबोळं? उद्या नोकरी कोण देणार हिला?
— एक मामा, सातारा

उत्तर : मामा, पोरगी भरकटलेली नाही, काळजी सोडा. तुमच्या वर्णनावरून ती ॲन आर्बरच्या, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटी आहे त्या गावातल्या, इन्स्टिट्यूट फॉर सोशल रिसर्चमधे बसत असावी. ही युनिव्हर्सिटीचीच. १९४९ ची संस्था. फॉर्मवर ‘पूर्ण सहमत’ पासून ‘अजिबात असहमत’ पर्यंत पाच चौकोन असतात ना, ती पद्धत काढणारा रेन्सिस लिकर्ट तिचा पहिला डायरेक्टर, शिकलेला सायकॉलॉजी आणि आधी नोकरी करत होता अमेरिकेच्या शेतीखात्यात, म्हणजे कडबोळं तिथपासूनच आहे.

तिथला एक सर्व्हे सांगते. १९६८ मधे गरिबी मोजायला साधारण ५,००० कुटुंबं घेतली आणि आजतागायत त्यांचा पिच्छा सोडलेला नाही, मुलगा वेगळा झाला, मुलगी लग्न करून गेली की तिच्या नव्या घरालाही प्रश्न सुरू. त्यातून कळलं की गरीब म्हणजे कायम तीच ती माणसं नव्हेत, बरेच जण वर्ष-दोन वर्षं खाली जातात आणि परत वर येतात. आता नवरा-बायको वेगळे झाले आणि घरचं उत्पन्न पडलं, हा विषय कुणाचा सांगा बघू? पगाराचा आकडा इकॉनॉमिक्सवाल्याचा, मोडलेलं घर सोशॉलॉजीवाल्याचं, पोराची उडालेली झोप सायकॉलॉजीवाल्याची, पण घर तर एकच ना.

(माझ्या एमएच्या वेळी मी असाच विषय नेला तर ‘हा आपल्या डिपार्टमेंटचा नाही’ म्हणून सरांनी कागद परत दिला होता. असो.)

आपल्याकडेही झालंय हे. अमेरिकेतली मेरीलँड युनिव्हर्सिटी आणि दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन करणारी संस्था यांनी २००४-०५ मधे देशभर ४१,००० च्या वर घरं गाठली, आणि २०११-१२ मधे त्यातल्या बहुतेक घरी परत गेले. उत्पन्न, कर्ज, गुरंढोरं विचारलीच, पण बायका पुरुषांबरोबर जेवायला बसतात की मागून, हेही विचारलं. नुसत्या इकॉनॉमिक्सवाल्याला हा प्रश्न सुचला असता असं मला तरी वाटत नाही. आणि गंमत म्हणजे हा डेटा ठेवलाय तुमच्या भाचीच्याच इन्स्टिट्यूटमधे, रिसर्चवाल्यांना फुकट मिळतो.

नोकरीचं म्हणाल तर शेजारी कोणीही बसो, डिग्रीवर सहसा एकच डिपार्टमेंट येतं, म्हणून तर ती सोशॉलॉजी म्हणाली. वर असला डेटा हाताळता आला की युनिव्हर्सिटीबाहेरही कामं असतात.

पुढच्या वेळी ‘कशात’ नको, ‘कशावर’ विचारा, तासभर बोलेल. फक्त सकाळी उठल्या उठल्या फोन लावू नका, आपले सात वाजतात तेव्हा तिची रात्र झालेली असते.