घरात बसतो, गेटबाहेर बसत नाही

कुत्रा शिकवलेलं विसरला, असं लगेच ठरवू नका. शिकणं दिसत नाही. दिसतं ते वागणं, आणि ते भूक, भीती, जागा, बक्षीस यांनुसार बदलतं. टोलमन आणि हॉन्झिक या मानसशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये कॅलिफोर्नियात उंदरांना चक्रव्यूहात सोडलं. एका गटाला पहिले १० दिवस चक्रव्यूहाच्या टोकाला खाऊच नव्हता, चुका फारशा कमी होईनात. ११व्या दिवशी खाऊ ठेवला आणि १२व्या दिवशी ते रोज खाऊ मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आले. रस्ता आधीच ठाऊक होता, पळायला कारण नव्हतं.

तेव्हा आधी तपासा. जेवणाआधी, नेहमीच्या खोलीत, वाटाण्याएवढे उकडलेल्या चिकनचे तुकडे घ्या. १० वेळा ‘बस’ म्हणा, दर वेळी एकदाच. हात पाठीमागे. हे महत्त्वाचं, कारण बरेच कुत्रे शब्द शिकलेलेच नसतात, खिशाकडे जाणारा हात ओळखतात. नाकासमोर तुकडा धरून बसवलेला कुत्रा तर छान बसतो, पण शब्द शिकलेला असेलच असं नाही.

८-९ वेळा बसला तर शब्द पक्का आहे, अडचण बाहेरची. मग जिना, पार्किंग, गेट असं सरका; दुसऱ्या कुत्र्यापासून सुरुवातीला १५-२० मीटर लांब. चिकनसुद्धा हुंगून सोडून देत असेल तर तो घाबरलाय किंवा फार जवळ आलाय. मागे व्हा, ‘बस बस बस’ करत राहू नका. ३-४ वेळाच बसला तर पुन्हा खोलीतूनच सुरू करा.