जिल्हा सरकारी वकील : एक खुर्ची, दोन कामं

वकीलसाहेब, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आल्यावर सरकारी वकिलांच्या नेमणुकीत काही बदललं का, आणि जिल्ह्यात दिवाणी-फौजदारी दोन्ही कामं एकाच माणसाकडं का?

बेंचचं आधी. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं उच्च न्यायालयाचं काम इथं आलं, त्यामुळं उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे वकील इथंही लागतात. पण नेमणूक राज्य सरकारच करतं. वकिलांच्या बारमध्ये कुणाचं नाव चालतंय याची चर्चा आता जास्त रंगते, एवढाच फरक.

जिल्ह्यात जिल्हाधिकारी पॅनेल, म्हणजे पात्र वकिलांची यादी करतात, किमान सात वर्षं वकिली लागते, आणि पॅनेलबाहेरचा माणूस सरकारला घेता येत नाही. मूळ फौजदारी संहितेत हे पॅनेल सत्र न्यायाधीशांचा सल्ला घेऊन करायचं होतं. महाराष्ट्रानं १९८१ च्या दुरुस्तीत तो सल्ला काढला आणि तिथं सरकारची मंजुरी घातली. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये न्यायाधीशांचा सल्ला पुन्हा आहे. तो लेखी असावा असं माझं मत आहे. कोण साक्षीदार नीट तपासतो आणि कोण तारखा मागतो, हे न्यायाधीश रोज बघतात.

खरी गाठ दुसऱ्या प्रश्नात आहे. दिवाणी दाव्यात सरकार पक्षकार असतं आणि वकील त्याचं ऐकतो. भूसंपादनाची वाढीव भरपाई घ्या. रक्कम कमी व्हावी म्हणून सरकारी वकिलानं कसून भांडावं, त्यात गैर काही नाही. खटला चालवताना मात्र आरोपीच्या बाजूचा पुरावाही न्यायालयापुढं ठेवावा लागतो. खटला मागं घ्यायचा असेल तर वरून निरोप आला म्हणून नाही, स्वतः फाइल वाचून अर्ज करावा लागतो.

समजा, कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर सत्र न्यायालयात खटला उभा राहिला आणि घरच्यांनी सरकारवर भरपाईचा दावा लावला. आता एकाच कार्यालयानं सकाळी ‘पोलिसांनी मारलं’ आणि दुपारी ‘सरकारचा काही दोष नाही’ असं म्हणायचं. माणूस कितीही सरळ असला तरी यातली एक फाइल पातळ होणारच, आणि बहुतेक वेळा ती कुठली हे सांगायला नको.

त्यातच सरकारवर दावा लावण्याआधीची, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडंच जाते. दिवाणी कामाला वकील त्यांनी निवडावा, पक्षकाराचा तो हक्कच आहे. पण फौजदारी खटला कोण चालवणार याची यादीही त्यांनीच का करावी?

वेगळं करणं अवघड नाही. खालच्या कोर्टातले सहायक अभियोक्ते, म्हणजे सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारे वकील, पूर्वी पोलिसांच्या ताब्यात होते. १९९५ च्या शहाणे प्रकरणात, जे आपल्याच राज्यातलं होतं, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पोलिसांपासून तोडायला लावलं. आज ती भरती एमपीएससीतून होते. सत्र न्यायालयासाठी तसंच कायम केडर, म्हणजे पगारी नोकरीतल्या वकिलांची फळी असावी आणि ती अभियोग संचालनालयाकडं, म्हणजे खटले चालवणाऱ्यांच्या खात्याकडं द्यावी. दिवाणी कामाला खुशाल पॅनेल ठेवा. वर राज्याच्या पातळीवर महाधिवक्ता, म्हणजे सरकारचा सर्वात वरचा वकील, मंत्रिमंडळात नसतो, इंग्लंडचा ॲटर्नी जनरल मात्र सरकारमधला मंत्रीच असतो. ती चूक आपल्या घटनेनं टाळली, मग जिल्ह्यात दुसरी कशाला करायची?

केडर झालं की चांगले वकील येणार नाहीत, असं आपल्याकडचे ज्येष्ठ म्हणतात. थोडं खरं आहे. मोठ्या खटल्याला विशेष अभियोक्ता नेमायची सोय आहेच, दहा वर्षांची वकिली हवी.

आणि सरकार बदललं की सगळे सरकारी वकील एका झटक्यात घरी, हे चालत नाही. श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात, १९९० मध्ये, उत्तर प्रदेशचा असाच सरसकट आदेश रद्द झाला होता. पंजाबच्या प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालात निवड पारदर्शक असावी असंही सांगितलंय. पॅनेलसाठी अर्ज करणार असाल तर हे दोन्ही निकाल आधी वाचा, आणि स्वतः चालवलेल्या सत्र खटल्यांची यादी आजच करायला घ्या.