तिला छोटं घर का नको होतं

"नवऱ्याच्या डोक्यात गावी छोटंसं घर बांधायचं खूळ शिरलंय. चांगली नोकरी, स्वतःचा फ्लॅट, सगळं सोडून. ही पळवाटच ना?" ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका (क्वचित नवरेही) हल्ली वाढल्यात. त्यातलंच हे पुण्याचं जोडपं. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

तो आयटीत, ती बँकेत. राजापूरकडे त्याच्या आजोबांची सामाईक जमीन. आराखडा तो बरोबरच घेऊन आला होता: 300 चौरस फूट, जांभ्याच्या भिंती, वर कौलं, झोपायला पोटमाळा, छपरावरचं पाणी टाकीत, वीज सोलरची. रात्री एक-एक वाजेपर्यंत असल्याच घरांचे व्हिडिओ बघतो, ही तिची पहिली तक्रार.

पळवाट आहे का, हे मी तपासतेच. झोप, भूक, मित्रमंडळी, कामातलं लक्ष. माणूस सगळ्यातूनच अंग काढून घेत असेल, जगण्यातच राम वाटत नसेल, तर घराचा विषय बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. इथे तसं नव्हतं. त्याला एवढंच विचारलं, उद्या साहेब बदलला, काम सुसह्य झालं, तरी हे घर हवं असेल का? उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. "हवं असेल. पण मग इतकी घाई नसेल." थकवाही होता आणि ओढही होती. मला हे उत्तर निरोगी वाटलं.

गाठ होती ती तिच्या बाजूला. मी म्हटलं, भांडण झालं तर या घरात कुठे जाऊन बसाल? तो पोटमाळ्यावर बोट ठेवतोय तोवर ती बोलायला लागली. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. 160 चौरस फुटांची खोली, सहा माणसं. कपडे बदलायचे तर भावांना बाहेर काढायचं, अभ्यास जिन्यात, संडास सामाईक, सकाळी बादली घेऊन रांगेत. "अमेरिकेत म्हणे 400 फुटांच्या आतलं घर टायनी. आम्ही त्याच्या निम्म्याहून कमी जागेत सहा जण होतो. आमचा व्हिडिओ काढायला कोणी आलं नाही."

तो रत्नागिरीत बंगल्यात वाढला. बायको चाळीतली, हे लग्नाआधीपासून ठाऊक होतं. रडायचं झालं तरी दार लावता यायचं नाही, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता. कमी जागा त्याने हौसेने निवडली होती, तिने ती भोगली होती. अशा वेळी स्वप्न बरोबर की चूक याचा निवाडा समुपदेशकाने करू नये, असं माझं ठाम मत आहे. मी दोघांना कामं वाटून दिली.

त्याच्याकडे कागद. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं, म्हणजे आधी वाटणी. वाटणीत येणारा तुकडा 40 गुंठ्यांहून कमी. तेवढ्या शेतजमिनीवर शेतघर बांधता येत नाही, म्हणजे बिनशेतीची खटपट आली. व्हिडिओत हा भाग कधी नसतो.

तिच्याकडे पाणी. हिशेबात ती पक्की. 30 चौरस मीटर छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस म्हणजे कागदावर 90 हजार लिटर; पण तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दोघांना दिवसाला 270 लिटर धरले तरी 32 हजार लिटर साठवायला हवेत. दोन मीटर खोल टाकी बांधली तर तिचा तळ चाळीतल्या खोलीपेक्षा मोठा होतो, हे तिनेच काढलं आणि हसत सुटली.

भर पावसात तिकडे भाड्याने राहून या, असंही सुचवलं. कपडे वाळेनात, वीज जात-येत होती, भिंतींना ओल. तरी परत आल्यावर आराखडा दुरुस्त करायला बसली ती हीच. आता घर 450 फुटांचं आहे, दोन खोल्या, मधल्या दाराला आतून कडी.

बांधकाम सुरू झालेलं नाही, वाटणीपत्रावर एका चुलत्याची सही अडली आहे. नवऱ्याच्या आईचं काय, त्या कुठे राहणार, हे दोघांपैकी कोणीच अजून काढलेलं नाही. पुढच्या भेटीत मी काढणार आहे.